चॉकलेटच्या चांदीचा मासा: लाउरी रापालाची गोष्ट

हिमाचलच्या तीर्थन नदीवर किंवा काश्मीरच्या लिद्दरवर ट्राउट गरवणारी माणसं तुम्ही रील्समध्ये नक्की पाहिली असतील. गुडघाभर थंड पाण्यात उभं राहून हातातली बारीक काठी मागे घ्यायची आणि झटक्यात पुढे फेकायची. दोरीच्या टोकाला ना गांडूळ असतं ना कणकेची गोळी. असतो तो बोटाएवढा, रंगवलेला, खोटा मासा. चाकासारखी रीळ फिरायला लागली की तो पाण्यात शेपटी हलवत पळतो आणि खरा मासा त्याच्यावर तुटून पडतो.

त्या खोट्या माशाला जगभरात अनेक ठिकाणी सरळ रापाला म्हणतात. आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात ना, तसंच. पण रापाला हे आधी एका माणसाचं नाव होतं. गरीब घरातला, हिवाळ्यात जंगलात लाकडं तोडणारा आणि उन्हाळ्यात मासे धरणारा हा फिनलंडचा माणूस. त्याने हा मासा हौसेखातर बनवला नव्हता. घरची चूल पेटती ठेवण्यासाठी बनवला होता.

लाउरी रापालाचा जन्म 13 नोव्हेंबर 1905 चा, फिनलंडमधल्या सुस्मॅ भागातला. तेव्हा फिनलंड स्वतंत्र देश नव्हता, रशियाच्या झारच्या ताब्यात होता. लाउरी सात वर्षांचा असताना त्याची आई मारी त्याला घेऊन शेजारच्या असिक्कला भागात राहायला आली. आडनावाची गंमत इथलीच. असं सांगतात, की चर्चच्या नोंदवहीत नावं लिहिताना तिथल्या पाद्रीबुवांना मारीचं आडनाव काही केल्या आठवेना. मग मायलेक ज्या गावाहून आले होते, त्या गावाचंच नाव त्यांनी लिहून टाकलं, रापाला. फिनिश भाषेत रापा म्हणजे चिखल. पुढे अर्ध्या जगाच्या टॅकलबॉक्समध्ये जाऊन बसलेलं नाव हे असं चिखलातून वर आलेलं आहे!

लाउरीचं बालपण आणि तरुणपण सोपं नव्हतं. 1917 ला फिनलंड स्वतंत्र झाला आणि लगेच 1918 ला तिथे यादवी युद्ध पेटलं. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याने मिळेल ते काम करायचं, असे ते दिवस होते. 1928 मध्ये लाउरीचं एल्माशी लग्न झालं, पाठोपाठ मुलं झाली आणि खाणारी तोंडं वाढली. तेवढ्यात जगभर मंदी आली. हिवाळ्यात लाकूडतोड, एरवी शेतावर मजुरी आणि बर्फ वितळला की पॅइयॅन्ने सरोवरात मासेमारी, असं त्याचं वर्षाचं चक्र होतं.

हे सरोवर डोळ्यांसमोर आणा. फिनलंडमधलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं सरोवर, पसारा हजार चौरस किलोमीटरहून जास्त. त्याच्या दक्षिण टोकाला काल्क्किनेन नावाचे खळाळते प्रवाह आहेत आणि तिथून पाणी क्युमी नदीत उतरतं. सरोवरात पाईक आणि पर्च, खळाळत्या पाण्यात ट्राउट. लाउरीचा संसार याच परिसरात चालला होता.

त्याची मासेमारीची पद्धत मेहनतीची होती. लांबच लांब दोरीला शेकडो गळ बांधायचे, कधीकधी हजारापर्यंत. प्रत्येक गळाला एक जिवंत बारकी मासळी लावायची. म्हणजे मोठे मासे धरण्याआधी तेवढ्याच बारक्या मासळ्या धरायच्या, त्या जिवंत ठेवायच्या, एकेक करून टोचायच्या, होडी वल्हवत दोरी सोडायची आणि परत येऊन ओढायची. दिवसातला केवढा तरी वेळ मासे धरण्यात नव्हे, आमिष जमवण्यातच जायचा. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना हे हिशेब वेगळे सांगायला नकोत.

पण होडीत तासन्‌तास बसणाऱ्या माणसाला पाण्याखालचं नाटक फुकट बघायला मिळतं. लाउरीने ते नीट पाहिलं. बारक्या मासळ्यांचा थवा जातोय, खालून मोठा मासा येतोय. तो थव्यात कुठेही तोंड घालत नाही. एक मासळी निवडतो. कोणती? जी जराशी वेगळी पोहते ती. जखमी असेल, आजारी असेल, दमलेली असेल. तिची चाल किंचित झोकांडी खाणारी असते. बाकीच्या सरळ जातात, ही डगमगते. शिकारी मासा नेमका तिच्यावर झडप घालतो, कारण कमी कष्टात पोट भरतं.

लाउरीच्या सगळ्या कामगिरीचं मूळ एवढंच आहे. खोटे मासे त्याच्या आधीही होतेच की. अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल नावाच्या माणसाने चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचं पेटंट 1852 मध्येच घेतलं होतं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे लाकडी माशांचे कारखानेही उघडले होते. पण त्यातल्या बऱ्याच जणांचा भर चमक, रंग आणि आकार यांवर होता. लाउरीला मासळीचं रूप नको होतं, तिचं डगमगणं हवं होतं.

1936 मध्ये त्याने कामाला सुरुवात केली. सामान काय, तर घरात आणि आजूबाजूला सापडेल ते. अंगासाठी बूच घेतलं, ते कोरायला चांभाराची रापी. (रापालाच्या हातात रापी! हा योगायोग फक्त मराठीतच जमतो.) मग काचपेपरने घासून गुळगुळीत केलं. वर चकाकी हवी म्हणून चॉकलेट आणि चीजच्या वेष्टनाची चांदी गुंडाळली. पाणी आत शिरू नये म्हणून वर्णिश हवं, पण ते विकत आणायला पैसे कुठले? मग फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. पाठ काळी, कुशी सोनेरी, पोट पांढरं. हा त्याचा पहिला मासा.

दिसायला हे शाळेतल्या हस्तकलेसारखं वाटेल. पण खरी करामत होती पुढच्या ओठाची. माशाच्या तोंडाखाली एक छोटी तिरपी पट्टी असते. दोरी ओढली की समोरून येणारं पाणी त्या पट्टीवर आदळतं आणि माशाचं नाक खाली दाबतं. पाणी पट्टीच्या एका कडेने निसटतं, मग दुसऱ्या कडेने. त्या हिसक्यांनी हलकं अंग डावी-उजवीकडे झुलत राहतं. अंग जितकं हलकं तितकं हे झुलणं जिवंत. जड लाकूड असेल तर ते ठोकळ्यासारखं नुसतं घसटत जातं. बुचामुळे हे सगळं जमून आलं. पट्टीचा कोन जरा चुकला, अंग एका बाजूला जरा जाड राहिलं, की मासा गिरक्या घ्यायला लागतो. म्हणून लाउरी प्रत्येक मासा पाण्यात ओढून बघायचा. चाल पसंत पडेपर्यंत कोरायचा, वाकवायचा, पुन्हा ओढायचा.

मग काय झालं? कधीकधी तो दिवसाला 600 पौंड, म्हणजे जवळपास 270 किलो मासे धरायचा, असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. आता मासेमाराच्या गोष्टीतला मासा दर वेळी थोडा वाढतो, हे आपण धरून चालू. आकडा निम्मा केला तरी फरक कळतो. हजार गळांना हजार मासळ्या टोचण्याचं काम गेलं आणि एकच मासळी दिवसभर चालू लागली. तीही न मरणारी. गरीब माणसाच्या हातात आलेलं हे श्रम वाचवणारं यंत्रच होतं म्हणा ना.

हळूहळू शेजारीपाजारी मागायला लागले. लाउरी बनवून द्यायचा, एल्मा आणि मुलं हात लावायची. मग 1939 ला रशियाशी युद्ध सुरू झालं. युद्धाच्या काळात बूच मिळेनासं झालं, तर पाइनच्या झाडाची साल वापरून काम भागवलं. पुढे बाल्सा हे लाकूड आलं. इक्वेडोरकडून येणारं हे लाकूड इतकं हलकं, की मोठा तुकडा हातात घेतला तरी थर्माकोल धरल्यासारखं वाटतं. रापाला माशाला ते कायमचं चिकटलं. मुलं मोठी झाली, त्यांनी कोरण्यासाठी यंत्रं बनवली, छोटा कारखाना उभा राहिला. 1952 मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिक झालं, तेव्हा बाहेरदेशी पाहुण्यांबरोबर काही मासे परदेशात गेले.

इथे जरा थांबून रिळाची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय रापाला नदीकाठच्या ट्राउटवाल्यांपर्यंत पोचलाच नसता. लाउरी होडी वल्हवत दोरीने मासा ओढायचा, त्यामुळे आमिष किती हलकं याची त्याला फिकीर नव्हती. पण काठावरून फेकायचं असेल तर? जुन्या रिळात दोरी गुंडाळलेलं चाक फेकताना स्वतः गरगर फिरायला लागायचं आणि ते फिरवायला आमिषात वजन हवं. रापालाचा 5 सेंटिमीटरचा तरंगता मासा फक्त 3 ग्रॅम भरतो. जुन्या रिळावर तो फेकणं म्हणजे पीस भिरकावणं. स्पिनिंग रिळात मात्र चाक फिरतच नाही. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत सुटावं तशी दोरी टोकावरून अलगद सुटते. ही कल्पना रीतसर पेटंट केली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थने. त्याचं घराणं लोकरीच्या गिरण्यांचं. वर्ष कोणतं? 1905, म्हणजे लाउरीच्या जन्माचंच. दुसऱ्या महायुद्धानंतर बारीक नायलॉनची दोरी आणि स्पिनिंग रिळं सगळीकडे पोचली आणि रापालाचा हलका मासा फेकता येऊ लागला.

आता ज्यांना खरंच नदीवर ट्राउट गरवायची आहे, त्यांच्यासाठी लाउरीच्या त्या निरीक्षणातून काय निघतं ते बघू. (आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांवर शोधू नका, ट्राउटला थंडगार, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. भारतातल्या ट्राउट इंग्रजांनी बाहेरून आणून थंड डोंगरी पाण्यात सोडलेल्या.)

नदीतली ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभी असते. मोठ्या दगडामागे, वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं तिथे, कोरलेल्या काठाखाली, डोहाच्या शेपटाला. तिथे तिला ताकद कमी लागते आणि खाणं वाहत समोर येतं. म्हणजे तीही पॅइयॅन्नेच्या पाईकसारखीच हिशेबी. मोठ्या आमिषाच्या मागे लागू नका, छोट्या नदीत 3 ते 7 सेंटिमीटरचा मासा पुरतो. पाणी नितळ असेल तर रंग साधा, तिथल्या मासळीसारखा ठेवा. पाणी गढूळ असेल तर सोनेरी किंवा भडक रंग दिसतो तरी.

प्रवाहाच्या वरच्या बाजूला फेकलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी आमिषाला तुमच्याकडे वाहवत आणतंय. तुम्ही पाण्यापेक्षा वेगाने रीळ फिरवली नाही, तर पट्टीवर दाब येणार नाही आणि मासा डगमगणार नाही. तो नुसता कचऱ्यासारखा वाहत येईल. आडवं आणि थोडं खालच्या बाजूला फेकलं तर उलट होतं. दोरी ताणून धरली की प्रवाहच माशाला झुलवतो, रीळ अगदी सावकाश फिरवली तरी चालते. नवख्याने इथूनच सुरुवात करावी, असं माझं मत.

खोल डोहात तरंगता रापाला वरूनच निघून जातो. त्यासाठी पुढे काउंटडाउन नावाचा बुडणारा प्रकार आला. तो सेकंदाला साधारण एक फूट बुडतो. डोह सहा फुटांचा असेल तर टाकल्यावर पाचपर्यंत मोजायचं आणि मग ओढायला लागायचं. तळाच्या जरा वरून मासा जातो आणि दगडात अडकत नाही. पुढच्या फेकीला चारपर्यंत मोजा, मग तीनपर्यंत. कोणत्या खोलीवर झडप आली ते कळलं की तोच आकडा धरून ठेवा. उथळ, दगडाळ पाण्यात मात्र तरंगताच बरा. अडकतोय असं वाटलं की ओढणं थांबवा, तो आपोआप वर येतो. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा नेमकी त्या थांबण्याच्या क्षणाला ट्राउट झडप घालते. दमलेली मासळी थांबते ना, तसंच.

रापाला सोडून दुसरं काही वापरूच नये का? तसं नाही. फ्रान्सचा मेप्स हा गरगर फिरणाऱ्या पात्याचा स्पिनर 1938 पासून बाजारात आहे आणि वेगवान, उथळ पाण्यात, लहान ट्राउटसाठी तो उत्तमच. त्याच्या पात्याने पाण्यात थरथर होते, ती माशाला दुरूनही जाणवते. पण तो दोरीला पीळ देतो, त्यामुळे बारीक स्विव्हल लावा. लांब फेकायचं असेल, नदी रुंद असेल, तर धातूचा चमचा बरा. तिघांत निवडताना मी एवढंच बघेन: मासा लहान आणि भुकेला असेल तर स्पिनर, लांब पोचायचं असेल तर चमचा आणि मोठी, जुनी, सावध ट्राउट डोहात बसली असेल तर लाउरीचा डगमगता मासा. मोठ्या ट्राउट पाण्यातल्या किड्यांवर भागत नाहीत, त्या मासळ्या खातात.

आणखी एक. रापाला आवळून बांधू नका. दोरी नाकावर गच्च बसली की झुलणं मरतं. छोटा फास ठेवा किंवा बारीक क्लिप लावा. मासा ओढताना एका बाजूला पळत असेल, तर पुढची तारेची कडी पक्कडीने उलट्या बाजूला किंचित वाकवा. किंचित म्हणजे खरंच किंचित. लाउरी घरी बसून हेच करायचा. आणि परवाना काढल्याशिवाय, बंदीचा काळ पाहिल्याशिवाय ट्राउटच्या पाण्यात गळ टाकू नका. प्रजननाच्या दिवसांत मासेमारी बंद असते, ते योग्यच आहे.

आता परत लाउरीकडे. 1950 चं दशक संपत आलं होतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात फिनलंडहून आलेली बरीच कुटुंबं राहतात. तिथल्या रॉन वेबर नावाच्या मासेमारीचं सामान विकणाऱ्या माणसाच्या हाताला हा फिनिश मासा लागला. त्याने तो पाण्यात ओढून बघितला आणि मिनियापोलिसमध्ये दुकान असलेल्या आपल्या मित्राला, रे ऑस्ट्रमला दाखवला. दोघांनी फिनलंडला पत्र पाठवून माल मागवला. पुढे त्यांची नॉर्मार्क ही कंपनी झाली. असिक्कलाच्या खेड्यातून लाकडी मासे समुद्र ओलांडून जायला लागले.

आणि मग आला ऑगस्ट 1962. लाइफ या अमेरिकेतल्या अतिशय खपाच्या साप्ताहिकात रापालावर एक लेख छापून आला. एरवी मासेमारीचा लेख किती जण वाचणार? पण त्याच महिन्यात मेरिलिन मन्रोचा मृत्यू झाला होता आणि तो लेख असलेल्या 17 ऑगस्टच्या अंकाच्या मुखपृष्ठावर तीच होती. अंकावर लोकांच्या उड्या पडल्या. मेरिलिनसाठी अंक घेतलेल्या लाखो घरांत फिनलंडच्या लाकूडतोड्याचा मासाही जाऊन पोचला. आजच्या भाषेत सांगायचं तर व्हायरल झाला, आणि तोही दुसऱ्याच्या ट्रेंडिंग पोस्टवर स्वार होऊन.

पत्रांच्या गोण्या आल्या. मागणी जवळपास 30 लाख माशांची, असं सांगतात. आणि बनवणारे किती? एक खेड्यातलं कुटुंब आणि थोडे कामगार. दुकानदारांकडे माल नाही, गिऱ्हाईक हटत नाही. काही ठिकाणी तर रापाला अनामत रक्कम घेऊन दिवसाच्या भाड्याने द्यायला लागले म्हणे! एक खोटा मासा, भाड्याने!

खरी परीक्षा इथे होती. अशा वेळी माल घाईघाईत काढून विकणं सगळ्यात सोपं. रंग तोच, डबा तोच, नाव तेच. चालीत थोडा फरक पडला तर कोणाला कळणार आहे? पण गिऱ्हाइकाला नाही कळलं तरी माशाला कळतं. रापालांनी मोठा कारखाना बांधला, यंत्रं वाढवली, पण प्रत्येक मासा डब्यात जाण्याआधी पाण्याच्या टाकीत ओढून बघायची पद्धत सोडली नाही. चाल बिघडलेली दिसली तर हाताने कडी वाकवून ती जुळवायची, नाहीतर तो मासा बाजूला. होडीत बसून एकट्याने केलेलं काम आता रांगेत उभे असलेले कामगार करू लागले, एवढाच फरक.

या सगळ्यात लाउरीने व्यापाराचं गणित फारसं स्वतःकडे ठेवलं नाही, ते मुलांनी आणि अमेरिकेतल्या भागीदारांनी सांभाळलं. 20 ऑक्टोबर 1974 रोजी, वयाच्या 68 व्या वर्षी, लाउरीचं निधन झालं. चर्चच्या वहीत चुकून पडलेलं त्याचं नाव आज रापाला व्हीएमसी या फिनिश कंपनीच्या पाटीवर आहे आणि तिचा माल सुमारे 140 देशांत जातो. दुकानात ओरिजिनल फ्लोटर मागितला, तर मिळणारा मासा अजूनही बाल्साचाच असतो आणि डब्यात बसण्याआधी टाकीतल्या पाण्यात पोहून आलेला असतो.